‘दफन’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मुद्रितशोधनाचं काम करतो. निधनवार्ता, श्रद्धांजलीच्या जाहिराती, संस्थांचे अहवाल असं बरंच काही हाताखालून जातं. काही वर्षांपूर्वी एका मजकुरात वाक्य होतं, ‘शिवडी येथे दफनविधी झाला, थोरल्या मुलाने अग्नी दिला.’ लिहिणाऱ्याने जुन्या बातमीचा साचा उचलला होता आणि अर्ध्यातच बदलला होता. मृताच्या घरच्यांपर्यंत ते पोचण्याआधी मी दुरुस्त केलं, पण तेव्हापासून ओळखीचे वार्ताहर, भाषांतरकार, एकदा तर एका शाळेतल्या बाई, या शब्दाबद्दल मलाच विचारायला लागल्या. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

‘दफन’ म्हणजे नेमकं काय?

मृतदेह जमिनीत ठेवून मातीने झाकणं. एवढंच. त्यात धर्म नाही, मंत्र नाहीत, प्रार्थना नाही. हे सगळं सांगायचं असेल तर पुढे ‘विधी’ जोडून ‘दफनविधी’ करावा लागतो. नुसतं ‘दफन’ ही कृती आहे, ‘दफनविधी’ हा संस्कार. बेवारस मृतदेहाचं पोलीस दफन करतात, तेव्हा ‘दफनविधी केला’ लिहिलं तर जे घडलं नाही तेही लिहिल्यासारखं होतं.

शब्द कुठून आला?

अरबीतून, फारसीच्या वाटेने. अरबी धातू द-फ-न, अर्थ झाकणं, जमिनीत लपवणं. त्याच धातूपासून अरबीत ‘दफीना’ म्हणजे पुरून ठेवलेलं धन, आणि आत दडून बसलेल्या दुखण्याला ‘दफीन’ रोग. म्हणजे मूळ कल्पना मरणाची नाही, दृष्टीआड करण्याची आहे.

दख्खनेत १३४७ साली बहमनी राज्य उभं राहिलं आणि फारसी दरबाराची, कारकुनीची भाषा झाली. ‘माफ करणे’, ‘जमा करणे’, ‘कबूल करणे’ ही जशी नाम अधिक ‘करणे’ अशी घडण आहे, तशीच ‘दफन करणे’ची. फारसीतही ते ‘दफ्न कर्दन’ असंच आहे. आपण नाम घेतलं आणि क्रियापद आपलं लावलं.

मग मूळ उच्चार ‘दफ्न’ होता?

हो. अरबीत मधे स्वर नाही. मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी असं जोडाक्षर जड जातं, म्हणून आपण मधे एक ‘अ’ सरकवतो. वज्न-वजन, कद्र-कदर, गर्म-गरम, नर्म-नरम, कब्र-कबर आणि तसंच दफ्न-दफन. उर्दू शिकलेले लोक कधीकधी ‘दफ्न’ लिहा म्हणून आग्रह धरतात. मग ‘वज्न’ही लिहा आणि भाजीवाल्याकडे ‘दोन किलो वज्न’ मागा. मराठीत ‘दफन’ हेच बरोबर. फ-खाली नुक्ता, म्हणजे टिंब, तोही नको.

‘कफन’ आणि ‘दफन’ एकाच मुळातले आहेत ना? यमक तर जुळतं.

यमक जुळतं ते योगायोगाने. दोन्ही अरबी, पण धातू वेगळे. गंमत म्हणजे ‘कफन’ अरबीतही ‘कफन’च आहे, मधला ‘अ’ त्याचा स्वतःचा. ‘दफन’ला तो आपण दिला आणि मगच जोडी जुळली. ‘कफन-दफन’ हा जोडशब्द मात्र छान रुळला आहे, ‘कफन-दफनाचा खर्च’ असं सर्रास म्हणतात.

आणि ‘दफ्तर’?

काही संबंध नाही. तो ग्रीकमधून, चामड्याच्या अर्थाच्या शब्दावरून फारसीत आला. ‘प्रकरण दफ्तरी दाखल’ म्हणजे पुरलं असा अनुभव असला तरी व्युत्पत्ती तसं म्हणत नाही.

‘दफन करण्यात आले’, ‘दफनवण्यात आले’, ‘दफन झाले’: कोणतं बरोबर?

‘दफन’ नपुंसकलिंगी नाम. ‘त्यांचं दफन शिवडीला झालं’, ‘त्यांना दफन करण्यात आलं’ दोन्ही चालतं. ‘दफनवणे’ हे क्रियापद बातम्यांत दिसतं. चूक म्हणणार नाही, पण मला ते कानाला खटकतं, कारण त्यात माणसापेक्षा वस्तूचा भास होतो. ‘पार्थिवावर दफनविधी करण्यात आला’ हेही विचित्र. अग्निसंस्कार देहावर होतो, दफन देहाचं होतं. विभक्ती बदलायला हवी, साचा नाही.

जाता जाता, ‘पार्थिव’ हा शब्दच मातीचा आहे. पृथ्वीपासून बनलेलं ते पार्थिव. भाद्रपदात आपण मातीच्या मूर्तीला ‘पार्थिव गणपती’ म्हणतो ते त्याच अर्थाने. गिरगाव चौपाटीवर विसर्जन होतं ते पार्थिवच आणि तिरडीवर असतं तेही पार्थिवच. ‘पार्थिव शरीर’ म्हटलं की ‘शरीर’ तरी काढा, नाहीतर ते पुनरुक्तीच्या जवळ जातं. हा माझा जुना हट्ट आहे, कोणी ऐकत नाही.

हा मुसलमानांचा शब्द आहे का? ख्रिस्ती किंवा ज्यू कुटुंबाबद्दल लिहिताना वापरावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. शब्द अरबी आहे, पण मराठीत तो कोणा एका धर्माचा राहिलेला नाही. सरकारी पाटीवर ‘ख्रिस्ती दफनभूमी’ असतं. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्स आहेत, गेटवेचे जॉर्ज विटेट आहेत. तिथे जाणारा मराठी ख्रिस्ती माणूसही ‘दफन किती वाजता आहे’ असंच विचारतो.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, तर पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. अलिबागजवळच्या नवगावला त्यांची सगळ्यात जुनी दफनभूमी आहे. गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले आणि वाहून आलेल्यांना तिथे पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. वरळीच्या ज्यू दफनभूमीत थडग्यांवर हिब्रूबरोबर देवनागरीही कोरलेली आहे. हिब्रूत कबरीला ‘केव्हर’ म्हणतात. ते आणि अरबी ‘कब्र’ एकाच सेमिटिक मुळाचे भाऊ. म्हणजे कोकणातल्या गावात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांच्या प्रार्थनेच्या भाषांत हा शब्द जवळजवळ एकच होता, आणि दोन्ही घरं आपसात मराठी बोलत होती.

तेव्हा ‘दफन’ बिनधास्त वापरा. फक्त पारशी कुटुंबाबद्दल लिहिताना जपा. पारशांच्या डुंगरवाडीत दोखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, देह ठेवतात तेव्हा ते दफनही नव्हे, दहनही नव्हे. तिथे ‘अंत्यसंस्कार’ म्हणा आणि थांबा.

पारशी सोडून इतर सगळीकडे ‘अंत्यसंस्कार’ चालतो का? आणि ‘अंत्येष्टी’?

‘अंत्यसंस्कार’ सगळीकडे चालतो, शेवटचा संस्कार, एवढाच अर्थ. ‘अंत्येष्टी’त ‘इष्टी’ आहे, म्हणजे यज्ञ. देहाची शेवटची आहुती. त्यामुळे दफनाला ‘अंत्येष्टी’ म्हणणं अर्थाने विसंगत. बातमीत घाईने लिहिलं तर कोणी भांडायला येणार नाही, पण शब्दाला कळतं.

संस्कृतात दफनाला शब्दच नाही का?

आहे आणि चांगला जुना आहे: ‘निखनन’, आणि पुरलेल्यासाठी ‘निखात’. अथर्ववेदात (१८.२.३४) पितरांना बोलावताना चार प्रकारचे मृत सांगितले आहेत: ‘ये निखाता ये परोप्ता ये दग्धा ये चोद्धिताः’. पुरलेले, टाकून दिलेले, जाळलेले आणि उंचावर ठेवलेले. पहिला मान पुरलेल्यांचा. ऋग्वेदातही (१०.१५.१४) ‘अग्नीने जाळलेले आणि अग्नीने न जाळलेले’ असे दोन्ही पितर येतात.

आणि दहाव्या मंडलाच्या अठराव्या सूक्तात तर जमिनीला उद्देशून विनवणी आहे: आई जशी पदराने मुलाला झाकते, तशी हे भूमी, तू याला झाकून घे. ते सूक्त देह पुरण्याचं की दहनानंतरच्या अस्थी पुरण्याचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद असो. पदराची ती उपमा कोणत्याही भाषेतल्या दफनाच्या प्रार्थनेत शोभली असती.

‘निखात’मधला ‘खन्’ धातू म्हणजेच आपलं ‘खणणे’. फारसीतला ‘कंदन’, खणणे, हा त्याचा चुलतभाऊ, आणि किल्ल्याभोवतीचा ‘खंदक’ त्या घराण्यातून फिरून आपल्याकडे आला. ‘निखनन’ मात्र पोथीतच राहिला. आज कोणी ‘निखननविधी’ छापला तर वाचक अर्थ शोधत बसेल.

साधा मराठी शब्द ‘पुरणे’ असताना ‘दफन’ कशाला?

चांगला प्रश्न. ‘पुरणे’ अस्सल आहे. संस्कृत ‘पूर्’, भरणं. खड्डा भरून काढला म्हणजे पुरला. पुरणपोळीतलं पुरण हे त्याच धातूचं, आत भरलेलं ते. नदीला येतो तो पूरही तोच. घरात ‘पोराला पुरलं’ असं आजी सहज म्हणायची, त्यात अनादर नव्हता. पण आपण हंडा पुरतो, मेलेलं मांजर पुरतो, केबल पुरतो, आणि मग माणसाच्या बाबतीत छापील कागदावर तो शब्द उघडा वाटायला लागतो.

‘गाडणे’ची तर बातच नको. त्यात राग आहे. शत्रूला गाडतात, विरोधकाला गाडण्याची भाषा निवडणुकीत होते. मृताच्या घरच्यांबद्दल लिहिताना तो शब्द चुकूनही नको.

परका शब्द अशा वेळी उपयोगी पडतो. त्याला घरातल्या गोष्टी चिकटलेल्या नसतात, म्हणून तो औपचारिक होतो. ‘दफन’ मराठीत टिकला तो बहुधा याच कारणाने.

‘मूठमाती देणे’ म्हणजे दफनच का?

मूळ अर्थ तोच. जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. मुसलमानांत तीन मुठी टाकण्याचा रिवाज आहे, ख्रिस्ती लोकही मूठभर माती टाकतात. पण छापील मराठीत ‘मूठमाती’ आता रूढींना, स्वप्नांना, आश्वासनांना देतात. माणसाला देणं जवळजवळ बंद झालं. तिलांजलीचंही तसंच झालं, तीळपाणी राहिलं बाजूला.

गावाकडे मात्र माती जिवंत आहे. पश्चिम महाराष्ट्रात ‘मातीला गेलो होतो’ म्हणजे अंत्यविधीला गेलो होतो, भले तिथे दहन झालं असेल. ‘माती कधी आहे?’ असा निरोप अजून फोनवर येतो. लालबाग-परळच्या चाळींत गावाकडची माणसं होती तोवर मुंबईतही हेच ऐकू यायचं. आणि ‘जुनी मढी उकरून काढू नका’ म्हणताना आपण काय बोलतो ते बघा: मढं उकरायला आधी पुरलेलं असावं लागतं. जाळणाऱ्यांच्या भाषेत ही म्हण कुठून आली असती?

हिंदूंमध्ये दफन होतं का?

होतं, पूर्वीपासून. दोन वर्षांच्या आतलं मूल जाळू नये, पुरावं असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते: ‘ऊनद्विवर्षं निखनेत्’. मनूचंही तेच. संन्याशाला जाळत नाहीत, कारण संन्यास घेताना त्याने अग्नी आधीच स्वतःत सामावून घेतलेला असतो. दशनामी गोसावी, नाथपंथी यांच्यात बसलेल्या स्थितीत पुरण्याची परंपरा आहे. लिंगायतांतही तशीच, हातात इष्टलिंग ठेवून.

फरक शब्दाचा आहे. या सगळ्यांना ‘दफन’ म्हटलेलं आवडत नाही, ते ‘समाधी दिली’ म्हणतात. लिंगायत कुटुंबाच्या निधनवार्तेत ‘दफन’ लिहिलं आणि फोन आला, असं माझ्या बाबतीत एकदा झालंय. फोनवरचे काका चिडले नव्हते, पण बराच वेळ समजावत राहिले. अर्थ चुकला नव्हता, माणूस दुखावला होता. तेव्हापासून मी आधी विचारतो, घरचे काय म्हणतात.

यात एक घोळही आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला घेतली ती संजीवन समाधी. ती ‘घेतली’, ‘दिली’ नाही. क्रियापदात सगळा फरक आहे. आणि दहन झालेल्या थोर व्यक्तीच्या स्मारकालाही आपण ‘समाधी’ म्हणतो, तिथे खाली देह नसतो.

कबर, थडगं, मजार, दर्गा, तुरबत हे सगळं एकच का?

‘कबर’ म्हणजे खड्डा आणि त्यातला देह. ‘थडगं’ म्हणजे वर बांधलेलं. ‘मजार’ म्हणजे भेटीला जाण्याची जागा. ‘दर्गा’ म्हणजे मुळात दरबाराचं दार, उंबरा. माहीमला मखदूम अली माहिमी, मृत्यू १४३१, यांची कबर आहे, आणि भोवती जे उभं आहे तो दर्गा. ‘तुरबत’ अरबी मातीवरून आला. इथेही मातीच.

कब्रस्तान की कब्रस्थान?

‘कब्रस्तान’. फारसी ‘-स्तान’ आणि संस्कृत ‘स्थान’ एकाच मुळाचे, त्यामुळे ‘कब्रस्थान’ लिहिणारा नकळत हजारो वर्षं मागे जातो. तरी छपाईत ‘कब्रस्तान’च ठेवा.

आणि ‘स्मशानभूमी’ दफनाच्या जागेला चालेल का?

आज नाही. आज स्मशान म्हणजे चिता. पण प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने ‘श्मशान’ची फोड ‘श्म-शयन’, देह निजण्याची जागा, अशी केली, आणि शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात श्मशान म्हणजे अस्थींवर रचलेला मातीचा ढिगारा. चौकोनी असावा की गोल, याचीही तिथे चर्चा आहे. ‘दफनभूमी’ हा अरबी आणि संस्कृतचा सरमिसळ शब्द मात्र शुद्धीवाल्यांना कधी खटकला नाही, याचं मला नवल वाटतं. मराठीत लिहायचं तर ‘स्मशान’. ‘श्मशान’ हिंदीत.

मुंबईपुरता आणखी एक शब्द: ‘सोनापूर’. मरीन लाइन्सला चंदनवाडीचं स्मशान आणि बडा कब्रस्तान शेजारी शेजारी आहेत. त्या सगळ्या परिसराला जुने गिरगावकर सोनापूर म्हणायचे, आणि ‘सोनापूरला पोचला’ म्हणजे गेला. भांडुपलाही सोनापूर आहे. कोणी त्यात सोनं बघतं, कोणी हिंदीतलं ‘सोना’, झोपणं. मला दुसरं जास्त आवडतं, पण आवड म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

‘मयत’ म्हणजे मेलेला की अंत्ययात्रा?

दोन्ही. अरबी ‘मय्यित’ म्हणजे मृत. सातबाऱ्याच्या वारसनोंदीत ‘मयत खातेदार’, पोलिसांच्या कागदात ‘मयत इसम’, हा पहिला अर्थ. ‘मयतीला जाऊन आलो’ हा दुसरा, मुंबईचा. कारकुनाला आणि चाळीला एकच शब्द पुरतो, असं फार थोड्या शब्दांचं होतं.

पुरातत्त्वाच्या लेखात ‘दफने’ असं अनेकवचन वाचलं. ते बरोबर आहे?

हो, त्या शास्त्रात रूढ आहे. ‘एक दफन, दहा दफने’. तिथे शब्द कृतीचा न राहता वस्तूचा झाला: खड्डा, सांगाडा, सोबतची भांडी मिळून एक दफन.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनची ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. तिथे माणसं आपले मृत घराच्या जमिनीखाली, अंगणात पुरत. लहान मुलांना दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. मोठ्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. मेलेल्याने उठून परत फिरू नये म्हणून, असा एक तर्क आहे. महाराष्ट्रात मृताला मातीत ठेवणं कुठल्याही सुलतानाच्या आधीचं, वेदांच्या मराठी मुलखात येण्याच्याही आधीचं. शब्द नंतर आला.

महापालिकेच्या कागदांवर कोणता शब्द येतो?

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, १९६९ च्या कायद्यानुसार. पालिकेच्या कागदांवर ‘दहन / दफन’ असे दोन पर्याय समोरासमोर दिसतात. मधलं एक अक्षर सोडलं तर तेच शब्द, म्हणून घाईत खूण भलतीकडे पडते. सही करण्याआधी एकदा वाचा.

दोघांत किती अंतर आहे ते २०२० मध्ये मुंबईने पाहिलं. ३० मार्चला महापालिकेचं परिपत्रक निघालं, करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. त्याच दिवशी ते बदलावं लागलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यात न्यायालयाने तिथल्या दफनाला हिरवा कंदील दिला.

पुरलेला देह तपासासाठी बाहेर काढतात, त्याला काय म्हणावं?

एक शब्द शोधू नका. ‘दफन केलेला मृतदेह दंडाधिकाऱ्यांसमक्ष उकरून काढला’ असं सरळ लिहा. ‘उत्खनन’ इनामगावसाठी ठेवा.

बातमीत शेवटी काय लिहायचं? एकच सुरक्षित वाक्य सांगा.

‘अंत्यसंस्कार अमुक ठिकाणी, अमुक वाजता.’ त्यापुढे जायचं असेल तर घरी फोन करा आणि ते म्हणतील तो शब्द लिहा. दफन म्हणाले तर दफन, समाधी म्हणाले तर समाधी, माती म्हणाले तर माती. आणि जुना साचा उचलला असेल तर ‘अग्नी दिला’ आहे का ते बघून काढा.